डाव्या अंगाचा बंपर

आमच्या गाडीचा बंपर पहिल्यांदा फुटला तेव्हा त्याला शेजारची म्हैस जबाबदार होती. दुसऱ्यांदा फुटला तेव्हा दोष विजेच्या खांबाचा होता. तो खांब, आण्णांच्या म्हणण्याप्रमाणे, मुळातच चुकीच्या जागी पुरलेला होता आणि ही गोष्ट त्यांनी वायरमनला पूर्वीच सांगून ठेवली होती. दोष खुद्द आण्णांचा असेल, ही शक्यता आमच्या घरात कुणाला सुचली नाही. सुचली असती तरी बोलून दाखवायची प्रथा नव्हती. आण्णा म्हणजे माझे वडील. बावीस वर्षं फौजेत ट्रक चालवून ते हवालदार म्हणून सुटले आणि कोरेगावच्या स्टँडवर उतरून आमच्या गावात पोचेपर्यंत मेजर झाले. आमच्याकडे ही बढती सुटून आलेल्या प्रत्येकाला मिळते. तिला कागदपत्र लागत नाही, मिशा आणि काळी ट्रंक असली की भागतं.

या मेजरांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि गावातली अकरा पोरं कोरेगावच्या इंग्रजी शाळेत पोचवायचं काम सुरू केलं. इंग्रजी शाळेचं खूळ तेव्हा आमच्या भागात नुकतंच शिरलं होतं. ज्यांच्या घरात मराठी वर्तमानपत्रही येत नव्हतं त्यांची पोरं गळ्यात टाय बांधून उकिरड्याच्या कडेला व्हॅनची वाट बघत उभी असायची. पहाटे साडेपाचला आण्णांचा रेडिओ सुरू व्हायचा, मग बूट झटकल्याचा आवाज, मग हौदातून बादली उपसल्याचा, आणि मग व्हॅनला अंघोळ. आम्हा माणसांना त्यानंतर. आई तोवर चुलीवर घेवड्याची आमटी चढवून भाकरी थापायला बसलेली असायची. आमच्याकडचा घेवडा लय नावाजलेला, पण तो रोज खाणाऱ्याला त्या नावाचं काही वाटेनासं होतं. सात वाजता आण्णा शिट्टी फुंकायचे, पोरं रांगेत उभी राहायची, उंचीप्रमाणे आत चढायची, आणि कुणी हसलं तर त्याला खाली उतरून पुन्हा चढावं लागायचं. सरहद्दीवर निघाल्यासारखी ती अकरा लेकरं रोज गणिताच्या तासाला रवाना व्हायची.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कॉलेज दुपारचं. त्यामुळे सकाळभर मी घरात पडेल ते काम करायची आणि पडलेलं सगळं काम माझ्यावरच का पडतं, याचा विचार करायची. आई शिराळ्याची. तिच्या माहेरची माणसं नागाला भीत नाहीत असं ती चारचौघांत अभिमानानं सांगे. आण्णांसमोर हे वाक्य बोलताना मात्र मी तिला कधी ऐकलं नाही.

तर म्हैस. म्हशीच्या पायात अडकून बंपरचा डावा कोपरा वीतभर चिरला, तेव्हा आण्णांनी अंगणात ताडपत्री अंथरली, तिच्यावर पक्कड, पाने, सांडशी, खिळे असं सगळं सामान ओळीनं मांडलं, मोजलं, आणि बंपरकडे बघून म्हणाले, “फौजेत बंपर लोखंडाचा असतोय. ही साबनाची डबी हाय.” मग दोन नळ्यांतला गोंद एकमेकांत कालवून त्यांनी तो त्या चिरेवर थापला, आईनं भिंत सारवताना शेण थापावं तसा. वर तांब्याच्या तारेचे चार टाके. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी गोंद निघाला, तार सुटली आणि बंपर एका बाजूनं लोंबायला लागला. अकरा पोरांनी तो दोन्ही हातांवर पालखीसारखा धरून गाडीच्या वेगानं पळत आवारात आणला. त्या दिवशी शाळेत प्रार्थना उशिरा झाली. आण्णांनी घरी येऊन गोंद बनवणाऱ्याचा उद्धार केला.

आता बसल्या बसल्या मोबाईलवर बंपर जोडायचे व्हिडिओ दिसतात. हातमोजे घातलेला एक पोरगा चार मिनिटांत फुटका बंपर नवा करून दाखवतो. त्याचं काम बघून मला हसू येतं, कारण त्याच्या घरात म्हैस नाही, मेजर नाही, आणि आपली पिठाची चाळण कुठं गेली म्हणून ओरडणारी आईसुद्धा नाही.

चाळणीची गोष्ट खातूनचाचीची. चाची आमच्या मागच्या आळीत राहायची. तिचा नवरा गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचा. माणसांनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घातली आणि प्लास्टिक आणलं, तेव्हा त्या माणसाचा धंदा बसला, आणि काही दिवसांनी तोही गेला. चाचीनं रडून झाल्यावर विचार केला की ज्यानं आपला धंदा खाल्ला त्याचंच खावं. तिनं कल्हईचीच शेगडी पेटवली, लोखंडी सळई तापवली आणि फुटक्या घागरी, बादल्या, टोपल्या जोडायला सुरुवात केली. अख्ख्या गावाच्या पाण्याला तिचे टाके होते. खांबाच्या घटनेनंतर आईनं तिला बोलावलं. आण्णा म्हणाले, “बादल्या सांधणाऱ्या बाईचं हे काम न्हाई.” चाचीनं पदर कमरेला खोचला, बंपर उताणा केला, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “मेजर, तुमची गाडी म्हंजी चाकावरची बादलीच हाय की.” आण्णा घरात गेले. त्यांना घरात घालवू शकणारी मी पाहिलेली ती एकमेव बाई.

चाचीनं मला मदतीला बसवलं आणि मी त्या कामाला चिकटले ते चिकटलेच. आधी साबणानं धुवायचं. मग चीर जिथं संपते तिथं तापल्या खिळ्यानं बारीक भोक पाडायचं. “न्हाईतर ती पळत ऱ्हाती,” चाची म्हणाली, “भानगडीगत.” मग आतल्या अंगानं सळईनं चिरेवर नाली काढायची, तिच्यात तारेची बारीक जाळी दाबायची आणि वर प्लास्टिकच्या पट्ट्या वितळवून भरायच्या. जाळी म्हणजे आईची चाळण. पट्ट्यांसाठी मी एक फुटका मग पुढं केला तर चाचीनं तो बाजूला सारला. बंपरच्याच आतल्या, न दिसणाऱ्या कडेची पट्टी कापून घेतली. “प्लास्टिकला बी जात असतीया, पोरी. जातीतलंच लावलं तर धरतंय, परकं लावलं की सुटतंय.” आमच्या गावाला हा नियम प्लास्टिक यायच्या फार आधीपासून पाठ होता, आणि तो मला शिकवत होती ती बाई, जिला आमच्या आळीत कित्येक घरी अजून उंबऱ्याबाहेर चहा मिळायचा. चाचीच्या हे लक्षात आलं असणार. तिनं पुढची पट्टी सळईवर धरली. बंपर बाहेरून असा झाला की चीर सांगितल्याशिवाय दिसेना. आण्णांनी तीन वेळा वाकून पाहिलं आणि म्हणाले, “ठीक हाय.” आमच्या घरात एवढी स्तुती कुणाच्या लग्नातसुद्धा झालेली नाही.

तिसऱ्यांदा बंपर फुटला तो पावसाळा सरल्यावर. आण्णा शाळेची फेरी करून आले, गाडी शेवग्याखाली लावली आणि मला म्हणाले, “विजे, चाचीला हाक मार. रस्त्यावरचा धोंडा उडालाय.” कोपरा पुन्हा डावाच. जुना सांधा जसाच्या तसा होता. त्याच्या खाली नवी चीर गेली होती आणि कोपरा आत दबला होता. चाचीला त्या दिवशी कुठल्या तरी घागरी द्यायच्या होत्या, म्हणून ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आण्णा जेवून आत आडवे झाले होते. आम्ही बंपर सोडवून ताडपत्रीवर उताणा केला. मला घाई होती. मी धुवायचं सोडून थेट सळई टेकवली. धूर निघाला आणि त्या धुराला प्लास्टिकचा नेहमीचा जीव घेणारा वास नव्हता. किंवा होता, पण त्याच्याबरोबर दुसराही एक होता. तेवढ्यात घरातून आई पळत बाहेर आली.

“विजे, दूध उतू गेलं काय गं?”

“कुठलं दूध? चूल तर विझलीय.”

आई दारात थांबली. चाचीनं माझ्या हातातली सळई काढून घेतली, बंपरच्या आतल्या घडीत बोट घातलं आणि नखानं पांढरी खपली खरवडून काढली. दह्याची कवडी वाळावी तशी. तिनं ती हुंगली आणि माझ्यापुढं धरली.

“धोंड्याला दूध कवापासून यायला लागलं?” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “पोरी, तुला एक इचारायचं हाय. तुजा बा दर बारी डावीकडंच कसा धडकतोय गं?”

मी म्हणाले, “म्हैस डावीकडं होती.”

“आन् खांब?”

“तोही.”

“मग उजवीकडं गावात कायच न्हाई का?”

आमच्या रस्त्यानं सायकलवर दुधाचा कॅन लावून रोज सकाळी डेअरीला जाणारा माणूस एकच होता. शंकरतात्या. साठीचा, काटकुळा, वाटेत कुणीही भेटलं तरी आधी आपण सायकलवरून उतरणारा. चाचीनं शेगडी तशीच ठेवली आणि आम्ही दोघी त्याच्या वस्तीवर गेलो. तात्या बाजेवर बसला होता. उजवा हात जुन्या लुगड्याच्या झोळीत, गुडघ्याला हळद. सायकल भिंतीला टेकवलेली, तिचं मागचं चाक पापडासारखं वाकलेलं. मला बघताच तो उठायला लागला.

“बसा तात्या,” मी म्हणाले. “काय झालं?”

“काय न्हाई गं. पडलो. वय झालं आता.”

“आमच्या गाडीनं पाडलं का?”

तात्यानं चाचीकडे पाहिलं, मग अंगणातल्या कोंबडीकडे. “मेजरला काय बोलू नगंस,” तो म्हणाला. “लय मोठा माणूस हाय. मी चरात पडलो, दूध सांडलं, कॅन चेपला, येवढंच. पर एक इचारू का? त्येनी गाडी थांबिवली न्हाई, हे मला लागलं बग. हाताला लागलं त्यापरीस. आतली पोरं वरडत व्हती, तरीबी गाडी थांबली न्हाई.”

पोरं तर रोजच ओरडायची आणि आण्णा रोजच त्यांना गप्प बसवायचे. मी तात्याला म्हणाले, “त्यांना वाटलं धोंडा लागला.”

हे मी आण्णांची बाजू घ्यायला बोलले. बोलून झाल्यावर त्या वाक्याचा अर्थ मला कळला. तात्यालाही कळला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग निघून गेला आणि त्या जागी जे आलं ते पाहून मला वाटलं, रागच बरा होता.

“म्हंजी त्येनी मला बगितलंच न्हाई?” तात्या म्हणाला. “भर सकाळी?”

आम्ही घरी आलो. आई दारातच उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. आई जोत्यावर बसली आणि भलतंच बोलायला लागली. चटणीबद्दल. ताटात डाव्या बाजूला चटणी वाढलेली असते आणि गेले कित्येक महिने आण्णा रोज विचारतात, चटणी कुठाय. ती रोज म्हणते, नाकाखाली हाय. “मला वाटायचं, मुद्दाम करत्यात,” आई म्हणाली. “मला हिणवायला.” नवरा आपल्याला हिणवतो हे मानणं तिला सोपं गेलं होतं. नवऱ्याला दिसत नाही हे मानणं नाही. आणि मला तरी कुठं वेगळं सुचलं होतं? मी तर एका बापाच्या आंधळेपणाला जाळी लावून, पट्ट्या भरून, वरून घासून गुळगुळीत करत होते, आणि कामात हात बसला म्हणून स्वतःवर खूश होते.

“आता काय करायचं?” मी म्हणाले.

“उद्या बोलू. सावकाशीनं,” आई म्हणाली. नागाला न भिणारी.

“उद्या सकाळी अकरा लेकरं हायती गाडीत,” चाची म्हणाली. तिचा नातू त्यातला नव्हता. तिच्या घरचं कुणीच इंग्रजी शाळेत जात नव्हतं. तरी ती शेगडी विझवून तिथंच बसून राहिली.

आण्णा उठून बाहेर आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बंपर अर्धाच आहे हे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “सकाळी सातला गाडी पायजे,” ते म्हणाले. मी बंपर उचलून त्यांच्यासमोर नेला. “आण्णा, याचा वास घ्या,” मी म्हणाले. असलं काही मी त्यांना जन्मात सांगितलं नव्हतं. नवलानंच असेल, ते खाली वाकले.

“दूध?” ते म्हणाले.

“शंकरतात्याचं.”

मी त्यांच्या डाव्या अंगाला सरकले. दोन पावलं. त्यांची नजर मी होते तिथंच राहिली. मी हात वर केला. माझा बाप माझ्या रिकाम्या जागेकडे बघून विचारत होता, “शंकरचं दूध आपल्या गाडीला कशानं लागलं?”

मी सांगितलं. हात मोडल्याचं, चराचं, पोरांच्या ओरडण्याचं. आवाज डावीकडून आला तसं त्यांनी मान वळवली, आणि मग त्यांना माझा वर केलेला हात दिसला. मी तो पटकन खाली घेतला. घ्यायला नको होता, की वर करायलाच नको होता, हे मला आजही ठरवता येत नाही. आता माझ्या गाडीला मागंपुढं बघणारी यंत्रं आहेत. कुणी जवळ आलं की ती टूं टूं करतात. आमच्या घरात ते काम मला करावं लागलं होतं, आणि एवढा वाईट आवाज त्या यंत्रांचाही नाही.

आण्णा ताडपत्रीवर बसले. त्यांना इतकं खाली बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“कवापासून हाय हे?” आईनं विचारलं.

“वर्स झालं आसंल. धुकं आल्यागत वाटायचं कडंला.” त्यांनी ताडपत्रीची कड सरळ केली. “डोंगरात धुक्यात गाडी चालवायची सवय हाय मला. वाटलं, हुईल.”

 चाचीनं उठून माठातलं पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. उजव्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला रेडिओ लागला नाही. बूट मात्र झटकले गेले. आण्णांनी इस्त्रीचे कपडे घातले, मला म्हणाले, “चल,” आणि आम्ही पायी निघालो. अकरा घरं. प्रत्येक दारात उभं राहून ते एकच वाक्य म्हणायचे, “आजपासून गाडी बंद. मला दिसत न्हाई.” गावाची रीत बघा. ज्यांनी वर्षभरात एक चकार शब्द काढला नव्हता त्यांतले निम्मे म्हणाले, “आमाला वाटलंच व्हतं, मेजर.” वाटलं होतं तरी पोरं रोज बसवत होते. एका घरी तर विचारलं, मग आज तेवढी परीक्षा आहे, आज सोडता का? आण्णांनी त्या माणसाकडे जे पाहिलं ते पाहून त्यांना काही दिसत नाही यावर त्याचा विश्वास बसला नसेल.

बारावं घर तात्याचं. तिथं ते वाक्य त्यांना म्हणता आलं नाही. उंबऱ्याशी उभे राहून ते मिशांवरून हात फिरवत राहिले. तात्या बाजेवरून उठला आणि त्यानंच सुरुवात केली, “मेजर, माजीच चूक झाली, मी लय कडंला—”

“शंकर,” आण्णा म्हणाले, “चूक माजी हाय. आन् तू कडंलाच व्हतास. कडंलाच चालवायची असतीया सायकल.” मग त्यांनी भिंतीशी ठेवलेला दुधाचा कॅन उचलला. धार काढून झालेली होती, आणि नेणाऱ्याचा हात झोळीत होता. तात्या नको नको म्हणत मागं आला. आण्णा थांबले नाहीत.

नंतर मामा शिराळ्याहून आला आणि आण्णांना सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा होता, उजव्याचा जो भाग शिल्लक होता तो औषधानं टिकला तर टिकेल, असं ते म्हणाले. आण्णांनी सांगलीहून येताना भडंग आणलं आणि घरात सांगितलं की डॉक्टर पोरगा हुशार आहे पण उभं राहायची शिस्त नाही. बंपर मी एकटीनं पुरा केला. व्हॅन शेवग्याखाली उभी राहिली, आणि तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या तेव्हा त्यांना हाकलायला कुणी उठलं नाही.

तात्याचा हात बरा होईपर्यंत, म्हणजे दीड महिनाभर, कॅन आण्णांनी नेला. रोज पायी, वस्तीवरून डेअरीपर्यंत. गावातली माणसं पारावरून बघायची. कुणी हळूच म्हणायचं, मेजर गवळी झाला. मी त्यांच्या डाव्या अंगानं चालायची. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. आम्ही बोलायचो कमी. वाटेत मी म्हणायची, सायकल येतीय. कुत्रं हाय. ते हूं म्हणायचे. एका सकाळी, पहिल्याच आठवड्यात, चारीच्या मोरीपाशी रस्ता खचलेला होता.

“आण्णा, डावीकडं खड्डा हाय,” मी म्हणाले.

“दिसतोय मला,” आण्णा म्हणाले, आणि कॅन उजव्या हातात घेऊन त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला.